बारा रंगांचा नमुना-ताणा: सुती धाग्यांच्या एका संचाचे परीक्षण

बारा रंगांच्या सुती गुंड्या, ओवणीचा (उभे धागे मागात कोणत्या क्रमाने ओवायचे ते दाखवणारा) एक तक्ता आणि एक छोटी पुस्तिका असे या संचाचे स्वरूप आहे. बारा रंगांचे सारख्या रुंदीचे उभे पट्टे मागावर चढवायचे आणि त्याच बारा रंगांचे धागे त्याच क्रमाने आडवे विणायचे, म्हणजे प्रत्येक रंग प्रत्येक रंगाला एकदा भेटतो आणि 144 चौकोनांचा एक रंगतक्ता कापडातच तयार होतो. चार शाफ्टच्या, म्हणजे धागे उचलणाऱ्या चार चौकटींच्या, टेबलमागावर मी हा ताणा (उभे धागे) चढवला, तिन्ही सुचवलेल्या विणींत पूर्ण विणला, धुतला, इस्त्री केली आणि त्यानंतरच हे लिहायला घेतले. मत आधीच सांगते. धागा आणि रंग यांची निवड उत्तम आहे, लांबी-वजनाचा हिशेब काटेकोर आहे; मात्र ताणा मागावर चढवण्याविषयीची माहिती इतकी त्रोटक आहे, की ज्याने याआधी एकही ताणा चढवलेला नाही त्याने निव्वळ या पुस्तिकेच्या भरवशावर काम सुरू करू नये.

आधी धाग्याविषयी. संचातला सगळा धागा 8/2 सुती आहे, म्हणजे 8 काउंटचे दोन पदर एकत्र पिळलेले आहेत. सुती काउंटच्या पद्धतीत 1 काउंटचा धागा एका पौंडात 840 यार्ड भरतो. त्या हिशेबाने 8/2 (लांबी आठपट, पण दोन पदरांमुळे निम्मी) एका पौंडात 3,360 यार्ड, म्हणजे किलोला सुमारे 6,770 मीटर भरतो. प्रत्येक रंगाची गुंडी 25 ग्रॅमची आहे, म्हणून तीत साधारण 169 मीटर धागा असायला हवा. गरज किती? पुस्तिकेत ताण्याची लांबी 2.75 मीटर धरली आहे आणि प्रत्येक रंगाचे 30 उभे धागे आहेत, तेव्हा ताण्यालाच साडेब्याऐंशी मीटर लागतात. आडव्या धाग्याला तीन विणींत मिळून आणखी 45 ते 50 मीटर लागतात. उरलेले पस्तीस-एक मीटर म्हणजे चैन नव्हे. कारखान्यातली गाठ गुंडीच्या मध्येच निघाली तर तिच्या अलीकडचा-पलीकडचा तुकडा टाकून द्यावा लागतो, शिवाय आडव्या धाग्याची एखादी कांडी सैल भरली गेली तर ती उलगडून पुन्हा भरताना थोडे नुकसान होतेच. अनेक तयार संच या ठिकाणी हात आखडता घेतात आणि शेवटच्या पट्ट्याला धागा अपुरा पडतो. इथे तसे झाले नाही. धाग्याचा पीळ एकसारखा आहे, सगळ्या रंगांची जाडी एकच आहे, आणि त्यामुळे मागावर बारा पट्ट्यांचा ताण शेवटपर्यंत सारखा राहिला. वेगवेगळ्या ठिकाणांहून जमवलेल्या उरल्यासुरल्या धाग्यांचा नमुना-ताणा करणाऱ्यांना या एका गोष्टीचे मोल लगेच कळेल, कारण तशा ताण्यात अर्ध्या वाटेवर एक पट्टा सैल पडतो आणि शेजारचा ताठ होतो.

पट्ट्यात 30 धागे ठेवण्यामागे विचार आहे. इंचाला 10 घरे असलेल्या फणीत, म्हणजे धागे ठरावीक अंतरावर ठेवणाऱ्या कंगव्यात, प्रत्येक घरात दोन धागे घातले, की इंचाला 20 धागे बसतात; म्हणून एक पट्टा बरोबर दीड इंचाचा होतो, 15 घरे व्यापतो आणि दोन रंगांची सीमा कुठेही एकाच घरात येत नाही. बारा पट्टे मिळून 360 धागे आणि 18 इंच रुंदी होते. आणखी एक सोय अशी, की 30 हा सम आकडा आहे. ताणा काढण्याच्या खुंट्यांच्या चौकटीवर धागा जाऊन-येऊन एक फेरी होते, तेव्हा 15 फेऱ्यांत एक रंग संपतो आणि ज्या खुंटीपासून तो सुरू झाला त्याच खुंटीशी परत येतो. त्यामुळे रंग बदलताना मारलेल्या सगळ्या गाठी ताण्याच्या एकाच टोकाला राहतात, आणि ते टोक शेवटी कापूनच टाकायचे असते. ताण्याच्या मधोमध एकही गाठ येत नाही, हे नमुन्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. गाठ हेडलच्या (शाफ्टवरच्या ज्या तारेतून धागा ओवतात तिच्या) डोळ्यात किंवा फणीत अडकली, की धागा तुटलाच म्हणून समजावे.

असे असूनही 30 ऐवजी 32 हा आकडा निवडायला हवा होता, असे माझे ठाम मत आहे. ओवणी सरळ आहे: पहिला, दुसरा, तिसरा, चौथा शाफ्ट आणि पुन्हा पहिला. 30 ला चाराने भागले तर दोन उरतात, म्हणून पहिला रंग पहिल्या शाफ्टवर सुरू होतो, पण दुसरा रंग तिसऱ्या शाफ्टवर सुरू होतो, तिसरा पुन्हा पहिल्यावर, चौथा पुन्हा तिसऱ्यावर. तक्त्यात हे नीट पाहिले तर दिसते, परंतु पुस्तिकेत त्याविषयी एक शब्दही नाही. ओवणाऱ्याचा स्वाभाविक कल असा असतो, की रंग बदलला म्हणजे मोजणीही पहिल्यापासून सुरू करायची. आणि या संचात तसे केले तर रंगांच्या प्रत्येक सीमेवर वीण मोडते, साध्या विणीत ते डोळ्यांना दिसत नाही, आणि ट्विल (तिरक्या रेघांच्या) विणीला सुरुवात झाल्यावर तिरकी रेघ तुटलेली दिसते. 32 धागे असते तर प्रत्येक रंग पहिल्या शाफ्टवर सुरू होऊन चौथ्यावर संपला असता, फणीत 16 घरे बसली असती, धाग्यांचा आकडा समच राहिला असता आणि रुंदी 19 इंचांच्या थोडी वर गेली असती. 24 इंची मागावर ती आरामात मावते. संच घेणाऱ्याने निदान एवढे करावे, की तक्त्यावर प्रत्येक रंगाच्या पहिल्या धाग्याचा शाफ्ट पेन्सिलीने लिहून ठेवावा.

पुस्तिकेचा खरा अपुरेपणा मात्र ताणा काढण्यापासून तो बीमवर (मागाच्या गुंडाळी-दांड्यावर) गुंडाळेपर्यंतच्या भागात आहे. फुली धरा आणि ताणा मागच्या बीमवर गुंडाळा, एवढ्या एका वाक्यात तिने हे काम उरकले आहे. ताण्याचे धागे आळीपाळीने एकमेकांवरून ओलांडून जी फुली तयार होते ती धाग्यांचा क्रम राखते, हे नवशिक्याला कुणीतरी सांगायला हवे. आणि रंगीत ताण्यात क्रम म्हणजेच सर्वस्व असते. मी दोन्ही टोकांना फुली घेतली. बीमकडच्या टोकाला दहा-दहा धाग्यांच्या गटांची फुली घेतली, म्हणजे दात्यांच्या पट्टीत ताणा 18 इंच रुंदीवर पसरताना प्रत्येक दात्याच्या घरात एक गट बसतो आणि तीन गटांत एक रंग पुरा होतो. दुसऱ्या टोकाला, म्हणजे ओवणीच्या बाजूला, एकेका धाग्याची फुली घेतली. चौकटीवरून काढण्याआधी दोन्ही फुल्या चारही बाजूंनी बांधून घ्याव्यात आणि साधारण दर हातभर अंतरावर ताण्याला घट्ट आवळ बांधावा. बारा रंगांचा ताणा एकदा सरकला, की मधले धागे कुणाच्या अंगावर कोण गेले ते पाहत बसावे लागते.

बीमवर गुंडाळताना थरांच्या मध्ये जाड कागद किंवा पातळ पट्ट्या घालणे हाही असाच एक न सांगितलेला भाग आहे. कागद नसेल तर वरच्या थरातले धागे खालच्या थरात रुततात, कडेचे पट्टे उतरत्या बाजूला घसरतात, आणि मग काठाचा पिवळा आणि पोपटी पट्टा बाकीच्यांपेक्षा सैल लागतो. कागद ताण्याच्या रुंदीपेक्षा दोन्हीकडे थोडा जास्त असावा. एकाने ताणा घट्ट धरावा आणि दुसऱ्याने बीम फिरवावा, हे उत्तम. एकटे असताना थोडे फिरवून, पुढे येऊन, एकेक पट्टा मुठीत धरून ओढून घ्यावा आणि पुन्हा फिरवावे. पट्टे रंगांनीच वेगळे झालेले असल्याने हे काम एकरंगी ताण्यापेक्षा सोपे जाते.

ओवणीतही रंगांची मदत होते. 360 धाग्यांना प्रत्येक शाफ्टवर 90 हेडल लागतात, तेव्हा सुरुवातीलाच ते मोजून घ्यावेत, कारण अर्धा ताणा ओवून झाल्यावर एखाद्या शाफ्टवर हेडल कमी आहेत असे लक्षात येणे त्रासाचे असते. एक रंग ओवून झाला, की तिथेच थांबून तपासायचे आणि सैल गाठ मारून पुढे जायचे. 30 धाग्यांचा टप्पा तपासायला सोयीचा आहे. फक्त गडद निळा आणि जांभळा या पट्ट्यांत हेडलचा डोळा आणि धागा वेगळे दिसत नाहीत. शाफ्टच्या मागे पांढरा कागद उभा धरला आणि दिवा वरून न ठेवता बाजूने ठेवला, की काम निभावते. फणीत धागे ओढणे आणि पुढच्या काठीला बांधणे याविषयी वेगळे सांगण्यासारखे काही नाही, पुस्तिकेतला तेवढा भाग पुरेसा आहे.

आता विणण्याकडे येते, आणि इथे हा संच आपली योग्यता पूर्णपणे सिद्ध करतो. टेबलमागावर शाफ्ट तरफांनी हवे तसे उचलता येतात, पायाच्या पावड्यांशी त्यांची बांधणी आधी ठरवून ठेवावी लागत नाही; म्हणून एकाच सरळ ओवणीवर साधी वीण, 2/2 ट्विल आणि 1/3 ट्विल अशा तीन फेऱ्या विणायला पुस्तिका सुचवते, आणि ही तिची सर्वांत चांगली सूचना आहे. साध्या विणीत पृष्ठभागावर उभा आणि आडवा रंग निम्मे-निम्मे दिसतात. 2/2 ट्विलमध्येही प्रमाण तेच राहते, पण धागा दोन धाग्यांवरून उडी मारतो, त्यामुळे दोन्ही रंग बारीक तिरक्या रेघांनी वेगळे ओळखू येतात आणि मिश्रण कमी गढूळ वाटते. 1/3 ट्विलमध्ये वरच्या बाजूला आडवा रंग तीन हिस्से आणि उभा एक हिस्सा दिसतो, आणि कापड उलटे केले की नेमके उलट प्रमाण दिसते. तेच दोन रंग, तोच धागा, आणि तरीही चार वेगवेगळी दर्शने एका ताण्यावर मिळतात. इंचाला 20 धागे ही घनता साध्या विणीला अगदी योग्य आहे. ट्विलला 24 अधिक बरी, त्यामुळे ट्विलची फेरी किंचित मऊ आणि सैल उतरते. नमुन्यासाठी ही तडजोड मला पटते, कपड्यासाठी पटणार नाही.

पिवळ्या आणि गडद निळ्याचा चौकोन पाहण्यासारखा आहे. चित्रकलेच्या सवयीने तिथे हिरवा दिसेल अशी अपेक्षा असते, पण कापडात रंग एकमेकांत विरघळत नाहीत, ते शेजारी-शेजारी बसतात आणि डोळा लांबून त्यांची सरासरी काढतो. म्हणून तिथे राखाडीकडे झुकणारा, फार तर किंचित हिरवट असा मळकट रंग दिसतो. लाल आणि हिरव्याचा चौकोन तपकिरी होतो. याउलट राणी आणि नारिंगी एकमेकांना छेदतात तिथे रंग पेटून उठल्यासारखा वाटतो, आणि राणी व मोरपंखी यांच्या चौकोनात कापड हलवले, की एकदा एक रंग वर येतो आणि एकदा दुसरा, म्हणजे अस्सल धूपछाव. हे सगळे कुठल्याही रंगचक्राच्या चित्रात दिसत नाही.

शुद्ध रंगांचे बारा चौकोन एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात तिरके उतरतात. ही तिरकी रेघ ठोक्याची, म्हणजे आडवा धागा फणीने किती जोरात दाबला त्याची, कसोटी आहे. प्रत्येक रंगाचे 30 आडवे धागे घातल्यावर पट्टी लावून दीड इंच भरते का ते पाहावे. ठोका जोरात पडला तर चौकोन बुटके होतात, हलका पडला तर लांबट होतात आणि रेघ एका बाजूला कलते. पुस्तिका धागे मोजायला सांगते. त्यासोबत इंचही मोजायला तिने सांगायला हवे होते. ट्विलमध्ये आडवे धागे जास्त दाटतात, म्हणून तिथे दीड इंचाला 30 पेक्षा थोडे अधिक धागे लागतात, आणि तिथे आकड्याला धरून न बसता पट्टीवर विश्वास ठेवलेला बरा.

रंगांच्या निवडीत एकच दोष मला खटकला. हिरवा आणि मोरपंखी हे रंग नावाने वेगळे असले तरी उजेड-अंधाराच्या दृष्टीने जवळजवळ सारखे आहेत. तयार कापडाचा कृष्णधवल फोटो काढला, की ही गोष्ट ताबडतोब कळते: पिवळा, हळदी आणि पोपटी उजळ राखाडी दिसतात, जांभळा आणि गडद निळा जवळजवळ काळे दिसतात, आणि हिरवा व मोरपंखी यांच्यातली सीमा दिसेनाशी होते. विणलेल्या नक्षीची स्पष्टता रंगाच्या नावापेक्षा या उजळपणाच्या फरकावर जास्त अवलंबून असते. ट्विलची तिरकी रेघ पिवळ्या-जांभळ्यात पाच पावलांवरूनही दिसते, हिरव्या-मोरपंखीत हातात धरूनही शोधावी लागते. मोरपंखी थोडा उजळ घेतला असता तर संपूर्ण तक्ता अधिक शिकवणारा झाला असता.

संचासोबत काळ्या धाग्याची एक जास्तीची गुंडी स्वतंत्रपणे घेता येते. दर दोन पट्ट्यांच्या मध्ये काळ्याचे चार धागे घालून रंग वेगळे करावेत, अशी त्यामागची कल्पना आहे. काळ्या चौकटीत रंग उठून दिसतात यात शंका नाही. फ्रान्सच्या गोबेलाँ या विणकामशाळेत रंगाईची जबाबदारी सांभाळणाऱ्या मिशेल यूजेन शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाकडे काळा रंग फिका पडतो अशी तक्रार आली, तेव्हा त्याने तपासून पाहिले आणि दोष रंगात नसून शेजारच्या रंगांच्या परिणामात आहे असे त्याच्या ध्यानात आले. 1839 मध्ये त्याने या शेजारधर्माचा सविस्तर सिद्धान्त प्रसिद्ध केला. पहिल्या नमुन्यात काळा धागा घालू नये, असा माझा सल्ला आहे, आणि त्याचे कारणही हेच. काळी रेघ मध्ये आली, की लाल शेजारी असताना राणी कसा थंड वाटतो आणि जांभळ्याशेजारी तोच कसा ऊबदार वाटतो, हे पाहण्याची संधी जाते. शिवाय काळे धागे धरले तर रुंदी सव्वादोन इंचांच्या आसपास वाढते आणि हेडलचा सगळा हिशेब बदलतो. त्याचा नवा तक्ता संचात दिलेला नाही.

धुण्याविषयी एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. मागावर 18 इंच असलेले कापड विणताना थोडे आत ओढले जाते आणि धुतल्यावर सुती धागा आणखी आक्रसतो, तेव्हा अंतिम चौकोन दीड इंचाचा राहत नाही, ही गोष्ट पुस्तिका योग्य रीतीने सांगते. परंतु माझ्या संचातल्या लाल गुंडीने पहिल्या पाण्यात थोडा रंग सोडला. पाणी कोमट होते आणि कापड लगेच बाहेर काढले म्हणून पिवळा पट्टा वाचला. नमुन्याचा उद्देशच रंगांची तुलना हा असल्याने एवढासा गुलाबी डागही त्याला निरुपयोगी करू शकतो. लाल, राणी आणि जांभळ्या गुंड्यांचा हातभर धागा आधी पांढऱ्या ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावा आणि रंग उतरतो का ते पाहून मगच ताणा काढावा. ही चाचणी सुचवणारी एक ओळ निर्मात्याने पुढच्या आवृत्तीत घालावी.

तीन फेऱ्या विणून झाल्यावर मागावर अजून दीड फुटाच्या आसपास विणण्याजोगा ताणा उरतो. पुस्तिका त्याविषयी गप्प आहे, आणि मला वाटते हा ताण्याचा सर्वांत मोकळा भाग आहे. मी तिथे आडवा धागा म्हणून आधी पांढरा, मग काळा आणि मग मध्यम राखाडी असे रुंद पट्टे विणले. पांढऱ्याने बाराही रंग फिके आणि दुधाळ होतात, काळ्याने ते खोल आणि रत्नासारखे दिसतात, आणि राखाडीने प्रत्येक रंगाचा भडकपणा कमी होऊनही त्याची ओळख कायम राहते. प्रत्यक्ष कापड विणताना बारा भडक रंगांपेक्षा याच शांत छटा अधिक लागतात. पांढरा आणि राखाडी धागा मला माझ्या साठ्यातून घ्यावा लागला. काळ्या गुंडीच्या जागी 25 ग्रॅम राखाडी आणि 25 ग्रॅम पांढरा धागा मूळ संचातच दिला, तर शेवटचा दीड फूट ताणा वाया जाणार नाही.